वरच्या आहाराची पिठं आणि कण्या : गंजगोलाईजवळच्या बचत गटाच्या दुकानाबद्दल

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या भुसार मालाच्या एका रस्त्यावरून आत बोळात वळलं की महिला बचत गटाचं एक छोटं दुकान लागतं. पुढं काउंटर आणि स्टीलचे डबे, मागच्या खोलीत भाजायची लोखंडी कढई आणि एक लहान गिरणी. पापड, कुरडया, कारळाची चटणी हे इथंही आहेच, पण त्यावर मी लिहिणार नाही. मला लिहायचंय ते डाव्या हाताच्या फळीबद्दल. त्या फळीवर लहान लेकरांच्या वरच्या आहाराची पिठं असतात आणि माझ्या नातीची खाण्याची सुरुवात तिथूनच झाली.

मी औसा तालुक्यात अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. सून बँकेत जाते, त्यामुळं नात दिवसभर माझ्याकडं असते. सेविका असताना गृहभेटीत जी तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली ती म्हणजे "बाई, लेकरू काहीच खाईना." लेकरू दोन-अडीच वर्षांचं असायचं. चहात बुडवलेलं बिस्किट आणि गाळणीतून काढल्यासारखा वरण-भात, यापलीकडं कशाला तोंड लावत नसायचं. मागचं विचारत गेलं की कळायचं, सातव्या महिन्यापासून त्याला तेवढंच मिळालेलं. तुरीचं वरण आपल्याकडं घरोघरी शिजतं, बोरसुरीच्या तुरीला तर भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणून लेकरालाही सकाळ-संध्याकाळ तेच. वरणात वाईट काही नाही. पण वर्षभर एकच चव, एकच रंग आणि एकच मऊपणा मिळालेल्या लेकरापुढं दुसऱ्या वर्षी मेथीची भाजी ठेवली तर ते मान फिरवणारच.

सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत लेकरू बहुतेक काहीही चाखून बघतं. दीड-दोन वर्षांच्या सुमाराला ते नव्या पदार्थाकडं संशयानं बघायला लागतं. हा वाढीतलाच भाग आहे, त्यात आईचं काही चुकलेलं नसतं. त्या आधी जेवढ्या चवी ओळखीच्या होतील तेवढ्या पुढं उपयोगी पडतात. म्हणून वरच्या आहाराच्या दुकानाकडून मला एकच पाहिजे असतं : चवी वेगवेगळ्या, सुट्या आणि थोड्या थोड्या मिळाव्यात. हे दुकान नेमकं तेच करतं.

काउंटरवरच्या बाईंनी पाकिटाला हात लावायच्या आधी मला विचारलं, "मावशी, लेकरू किती महिन्याचं झालं? बसायलंय का?" बसायलंय का, हे विचारणारं दुसरं दुकान मला माहीत नाही. सहा महिने पूर्ण झाले, मान नीट धरते, आधारानं बसते, मोठ्यांच्या ताटाकडं हात नेते, एवढं दिसलं की वरचं सुरू करायचं. पाच महिन्यांच्या लेकराच्या आईला त्यांनी "अजून अंगावरच पाजा ताई, पुढच्या महिन्यात या" असं सांगून काही न विकता परत पाठवलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. गल्ला भरायची घाई असलेल्या दुकानात हे होत नाही.

आता माल. एका पाकिटात एकच धान्य, शंभर ग्रॅम. ज्वारी, नाचणी, बाजरी, राळं, तांदूळ, मूगडाळ, मसूर, फुटाण्याचं डाळं, शिवाय तीळ, जवस आणि शेंगदाण्याचं कूट. ज्वारी आणि नाचणी पंधरा रुपयांना, मूग-मसूर आणि राळं पंचवीसला. बाजारातल्या डब्याबंद सिरियलला अडीचशे-तीनशे रुपये मोजावे लागतात, तेवढ्यात इथं फळीवरचं जवळपास सगळं एकेक येतं. धान्य निवडून, धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून मगच दळतात. पाकिटावर दळल्याची तारीख असते आणि अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नोंदणी क्रमांकही असतो. मी दोन्ही बघूनच घेते. तुम्हीही बघा.

शंभर ग्रॅमच का, हे ज्यानं बाजरीचं पीठ घरात ठेवलंय त्याला सांगायला नको. ते थोड्या दिवसांत कडू होतं. जवस आणि शेंगदाणा यांनाही तेलामुळं लवकर खवट वास येतो. मोठी माणसं तो वास आला की पीठ बाजूला ठेवतात. लेकराला ते सांगता येत नाही, ते फक्त तोंड मिटतं, आणि आपण समजतो त्याला बाजरी आवडत नाही. थोडं आणायचं, संपवायचं, पुन्हा आणायचं.

पण या दुकानाची खरी जमेची बाजू मला वाटते ती दळणाची जाडी. ज्वारी आणि तांदूळ तीन प्रकारांत मिळतात : बारीक पीठ, रवा आणि कण्या. ज्वारीच्या कण्या आपल्याकडं मोठी माणसं ताकासोबत खातातच, त्याच इथं जरा बारीक आणि चाळून मिळतात. सुरुवातीला पिठाची पेज, पण चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट. आठव्या महिन्यात रवा. आठ महिने पूर्ण झाले की मऊ शिजवलेल्या कण्या आणि हातात धरायला गाजराची वाफवलेली फोड. चावायला शिकण्याचंही वय असतं. इंग्लंडमध्ये हजारो लेकरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्यांना नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा गाठी-गोळे असलेलं जेवण मिळालं, त्यांच्या खाण्याच्या तक्रारी सातव्या वर्षीही जास्त होत्या आणि फळं-भाज्या ते कमी खायचे. मिक्सरमधून फिरवून सगळं गुळगुळीत करायची सवय आता घराघरांत लागली आहे. दात आले नाहीत म्हणून कण्या कशा द्यायच्या, असं माझ्या सुनेलाही वाटलं होतं. हिरड्यांवर मऊ कणी सहज चिरडली जाते. तिनं बोटानं दाबून बघितली आणि मग स्वतःच भरवायला लागली.

आणखी एक पाकीट आवर्जून सांगते : मोड आणून वाळवून दळलेली नाचणी. तीस रुपये. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, ते तर आहेच. पण मोडाच्या पिठाचा वेगळा गुण म्हणजे घट्ट पेजेत ते चमचाभर टाकलं की पेज सैल होते, पाणी घालावं लागत नाही. मोड येताना धान्यात जे पाचक द्रव्य तयार होतं, ते पिठूळपणा मोडतं. लेकराचं पोट लहान, पातळ पेजेनं ते भरतं पण अंगाला काही लागत नाही. घट्ट पेज करायची, खाली उतरवून जरा निवली की मोडाचं पीठ ढवळायचं, पाच-दहा मिनिटं ठेवायचं आणि मग पुन्हा एक उकळी द्यायची. ही शेवटची उकळी चुकवू नका, कारण मोडाच्या धान्यात जंतू वाढलेले असू शकतात. दुकानातल्या बायका हे तोंडी सांगतात, पण पाकिटावर छापलेलं नाही. छापायला पाहिजे. घरी गेल्यावर पाकीट आजीच्या हातात असतं की आईच्या, कुणास ठाऊक.

आता जिथं मला पटलं नाही ते.

काउंटरवर समोरच एक बरणी असते, "बाळासाठी पौष्टिक सत्त्व". त्यात सात-आठ धान्यं, बदाम, वेलची आणि गूळ. अडीचशे ग्रॅमला एकशे वीस रुपये. सगळ्यात जास्त खपतं तेच, कारण लेकरू ते पहिल्या घासाला मिटक्या मारत खातं आणि आईचा जीव भांड्यात पडतो. माझं म्हणणं मी दुकानातच सांगितलं आणि इथंही सांगते : हे घेऊ नका. लेकराला गोड आवडतं ते जन्मापासूनच, ते शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं कडू, आंबट, तुरट. सात धान्यं एकत्र दळून वर गूळ घातला की त्यातलं एकही लेकराच्या ओळखीचं होत नाही, ओळख होते ती फक्त गुळाची. मग साधी ज्वारीची पेज त्याला सपक लागते. शिवाय मिश्रणातलं काही सोसलं नाही, अंगावर पुरळ आलं, तर नेमकं कशानं आलं ते शोधायचं कसं? पहिल्या दोन वर्षांत साखर-गूळ नको आणि पहिल्या वर्षात वरून मीठही नको, एवढं साधं धरून चाला.

त्या बरणीवर गुटगुटीत बाळाचा फोटोही होता. दोन वर्षांखालच्या लेकरांच्या अन्नाच्या वेष्टनावर बाळाचा किंवा आईचा फोटो छापायला आपल्याकडं 1992 च्या कायद्यानं मनाई आहे आणि 2003 च्या दुरुस्तीनंतर तो आणखी कडक झाला. मी हे सांगितल्यावर गटाच्या अध्यक्षबाईंनी वाद घातला नाही. पुढच्या खेपेला गेले तर साधं पांढरं लेबल होतं. गूळ मात्र अजून आहे. "मावशी, ते बंद केलं तर गिरणीचा हप्ता निघत नाही," असं त्या म्हणाल्या. त्यांची अडचण मला समजते. पण त्यांनी निदान ती बरणी मोठ्या मुलांच्या फळीवर ठेवावी, अशी माझी मागणी कायम आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. शेंगदाणा आणि तीळ त्याच गिरणीत दळतात ज्यात ज्वारी आणि मूग. मध्ये तांदूळ फिरवून साफ करतात, पण तेवढ्यानं शेंगदाण्याचा अंश पूर्ण जात नाही. ज्या लेकराला शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी आहे हे माहीत आहे, त्याच्यासाठी या दुकानातून काहीच घेऊ नये. पाकिटावर तशी सूचना नाही. मी सांगितल्यावर काउंटरवर हातानं लिहिलेला कागद लावला, तो चांगला, पण सूचना पाकिटावरच हवी.

याचा अर्थ शेंगदाणा टाळायचा असा कुणी घेऊ नये, कारण उलटीच भीती आपल्याकडं पसरली आहे. लंडनच्या एका अभ्यासात, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, तीव्र एक्झिमा (अंगावर खाज सुटणारे लाल चट्टे) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाणा सुरू करून नियमित दिला. पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी न दिलेल्यांपेक्षा सुमारे 80 टक्के कमी निघाली. अंगावर जोराचा एक्झिमा असेल किंवा अंड्यानं आधी त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करायचं. बाकी लेकरांना बारीक कूट पेजेत नीट कालवून. अख्खा दाणा, फुटाणा, हरभरा पाच वर्षांच्या आत हातात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. या दुकानातलं कूट चाळलेलं असतं, तरी मी घरी पुन्हा एकदा चाळते. एकदोन जाड तुकडे निघतातच.

नवा पदार्थ मी सकाळी देते, म्हणजे काही झालं तर दिवसाउजेडी कळतं. दोन-तीन दिवस तो, मग पुढचा, आणि आधीचे सगळे चालूच. मसूर नातीला पहिल्यांदा अजिबात रुचली नाही. जिभेनं बाहेर ढकलली, अंग शहारलं, माझ्याकडं असं बघितलं की सून म्हणाली, "आई, राहू द्या, नको देऊया." मी ती वाटी उचलली, हसून बाजूला ठेवली आणि दोन दिवसांनी पुन्हा दोन चमचे पुढं केले. आमच्या प्रशिक्षणात आठ-दहा वेळा द्या असं सांगायचे. 2007 साली युरोपात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच निघालं : सात महिन्यांच्या बाळांनी नाकारलेली भाजी एक दिवसाआड देत राहिल्यावर आठव्या वेळेपर्यंत बहुतेकांनी ती आवडीनं खाल्ली. घराघरांत मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच "हिला हे आवडत नाही" असा शिक्का बसतो आणि तो पदार्थ कायमचा बंद होतो. तोंड वाकडं करणं म्हणजे नकार असं धरू नका. वाकडं तोंड करूनही पुढचा घास घ्यायला तोंड उघडलं तर चाललंय. तोंड मिटलं, मान वळवली तर थांबायचं. काय द्यायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते लेकरानं. नाक दाबून, मोबाईल दाखवून कोंबलेल्या घासानं चव ओळखीची होत नाही. मसुरीचं म्हणाल तर आता कांदा-जिऱ्याची फोडणी दिलेली मसूर ती स्वतः मुठीनं खाते.

एक गोष्ट या दुकानाकडून अपेक्षूच नये. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ लेकराच्या आहाराचे आठ गट मोजतात : आईचं दूध, धान्यं-कंदमुळं, डाळी-दाणे-बिया, दूधदुभतं, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्वाच्या पिवळ्या-केशरी आणि हिरव्या भाज्या-फळं, आणि इतर भाज्या-फळं. रोज निदान पाच गट पोटात जावेत. या फळीवरचं सगळं विकत घेतलं तरी आठातले दोनच गट होतात. बाकीचं मंडईतून आणि घरच्या चुलीवरून आलं पाहिजे. पिठांची पाकिटं ओळीनं मांडून समाधान मानलं तर पुन्हा तेच होईल, वरण-भाताच्या जागी नाचणी येईल एवढंच.

म्हणून पेजेत भाजी मुरवायची मी सवय लावली. पावसाळ्यात तांदूळजा आणि घोळ, थंडीत करडई, मेथी, चुका. करडईची कोवळी भाजी आपल्या मराठवाड्याची, ती लेकराला ओळखीची व्हायलाच पाहिजे. एक भाजी एका वेळी, ज्वारीच्या कण्यांत, लसणाची हलकी फोडणी, मिरची नाही. वर लिंबाचे दोन थेंब, त्यानं डाळी-भाजीतलं लोह अंगाला लागतं. सहाव्या महिन्यानंतर लेकराचा जन्मतः आलेला लोहाचा साठा उतरत जातो, त्यामुळं हे दोन थेंब मी विसरत नाही. आमच्या घरात अंडं चालतं, नीट उकडून कुस्करून देते. ज्या घरात चालत नाही तिथं डाळ, दही, तीळ, हिरव्या भाज्या यांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. फळांत पपई, आंबा, बीडच्या बालाघाटातलं सीताफळ बिया काढून, जालन्याची मोसंबी साल-बिया काढून फोडी कुस्करून. केळं रोजचं आहेच, पण रोज फक्त केळं नको. मध मात्र वर्षाच्या आत चाटवायचा नाही, उष्टावणाच्या दिवशीसुद्धा नाही. त्यातल्या जंतूच्या बीजाणूंनी लहान बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आमच्याकडं उष्टावण ज्वारीच्या साध्या पेजेनं झालं, मामानं चांदीच्या वाटीतून भरवलं, आणि कुणाचं काही अडलं नाही.

एवढं करूनही एखादं लेकरू खाण्याच्या बाबतीत हट्टी निघतं. सेविका म्हणून अशी घरंही मी बघितली आहेत, जिथं आईनं सगळं नीट केलं होतं. त्या आईला बोल लावू नये. वजन वाढत नसेल, घशाशी ठसका लागत असेल किंवा जाडसर काहीच गिळता येत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं.

दुकानाला मी पाचांपैकी चार देईन. एक कापलाय तो गुळाच्या बरणीसाठी आणि पाकिटावर नसलेल्या सूचनांसाठी. पाकिटांचं सीलही जरा कच्चं आहे, पावसाळ्यात पीठ ओल धरतं, घरी आणलं की लगेच कोरड्या डब्यात काढून ठेवा. गटाच्या बायकांकडं आणखी एक मागणी मी केली आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये परभणी शक्ती नावाचा ज्वारीचा वाण दिला, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. सध्या इथं मालदांडी ज्वारीच मिळते. मालदांडीची चव उत्तमच, पण लेकरांच्या फळीवर परभणी शक्ती असावी असं मला मनापासून वाटतं. त्या म्हणाल्या, ओळखीच्या शेतकऱ्याकडं बियाणं दिलं तर पुढच्या हंगामात बघू.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, गिरणी चालू असते आणि समोर दळून मिळतं. दुपारी लाईट गेली की पाकिटातलंच घ्यावं लागतं. गोलाईत गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षानं आलेलं बरं. पहिल्या खेपेला ज्वारीचं पीठ, मूगडाळ आणि मोडाची नाचणी एवढंच घ्या. मसूर आणि राळं पुढच्या खेपेला, रवा आठव्या महिन्यात आणि कण्या लेकरू आठ महिन्यांचं झाल्यावर. आणि काउंटरवर समोरची बरणी पुढं केली तर सरळ सांगा, "गूळ नको, सुटं द्या." त्या वाईट वाटून घेत नाहीत, फळीवरून काढून देतात.